गोळी आपल्या घरात, मग संशोधन कुलपात का?

समजा, तुम्ही जबलपूरला राहता. नागपूर रोडवरच्या मेडिकल कॉलेजातून (गावात सगळे त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात) घरातल्या कुणासाठी तरी मानसोपचाराची औषधं आणली आहेत. ओपीडीत गर्दी होती. डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं, तुम्ही मान डोलावली. घरी आल्यावर प्रश्न सुचायला लागले. ही गोळी किती दिवस घ्यायची? सवय लागेल का? वजन वाढेल का?

मग तुम्ही गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मोबाईलमध्ये टाकलं. पहिली दोन पानं जाहिरातीची निघाली, तिसरं घाबरवणारं. चौथं मात्र खऱ्या संशोधनाचं होतं. ते उघडायला गेलात तर समोर पाटी: पूर्ण लेख वाचायचा असेल तर पैसे भरा. एका लेखाचे दोन-तीन हजार रुपये!

ज्या गोळीवर घरातल्या माणसाची झोप, नोकरी, कधी कधी जीवही अवलंबून आहे, तिची परीक्षा कशी झाली हे वाचणं आपल्याला परवडू नये? ‘ओपन ॲक्सेस’ म्हणजे मुक्त नियतकालिकांचा विचार याच प्रश्नाला उत्तर देतो. संशोधन छापायचं ते असं, की ज्याच्याकडे मोबाईल आहे त्याला ते फुकट वाचता आलं पाहिजे. २००२ साली बुडापेस्ट इथून निघालेल्या जाहीरनाम्याने या चळवळीला नाव आणि आकार दिला. पण संशोधन कुठे छापलं जातं यावर किती काही अवलंबून असतं, हे आपल्या देशाने त्याच्या कितीतरी आधी अनुभवलं आहे.

सर्पगंधेची गोष्ट

सर्पगंधा हे आपल्या जंगलातलं झुडूप. त्याची मुळी वैद्य मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक लेख लिहिला. मानसिक आजार आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे औषध लागू पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लेख ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या भारतीय नियतकालिकात आला. बाहेरच्या जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

अठरा वर्षं गेली. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा परिणाम तपासून लेख लिहिला. तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि जगभरचे डॉक्टर सावध झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला गेला. त्याचं नाव रिसर्पिन. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या वापराचा अहवाल मांडला. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे रिसर्पिनपेक्षा सोयीची औषधं आली आणि ते मागे पडलं. पण विचार करा. मानसिक आजाराबद्दलची नोंद १९३१ सालीच छापलेली होती. ती योग्य हातांत पोचायला दोन दशकं लागली. त्या मधल्या काळात किती घरांनी आपलं माणूस नुसतं कोंडून ठेवलं असेल!

आज तुम्ही मोबाईल उघडलात तर डॉ. वकील यांचा तो १९४९ चा लेख ‘पबमेड सेंट्रल’ या संग्रहात पैसे न भरता वाचता येतो.

जे छापलंच गेलं नाही

लेख दूर कुठेतरी छापला जाणं हा एक त्रास. तो मुळात छापलाच न जाणं हा त्याहून मोठा.

२००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचे कागद अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेले होते. त्यात एकूण १२,५६४ रुग्ण होते. टर्नर यांनी सरकारदरबारचे निकाल आणि छापून आलेले लेख शेजारी शेजारी ठेवले. ३८ चाचण्यांत औषध उपयोगी दिसलं होतं. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ चाचण्यांचे निकाल उलट किंवा संशयास्पद होते. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत. ११ अशा शब्दांत छापल्या, की वाचणाऱ्याला औषध लागू पडलं असंच वाटावं. जसं घडलं तसं सांगणाऱ्या फक्त ३.

म्हणजे नुसती नियतकालिकं वाचणाऱ्या डॉक्टरला १०० पैकी ९४ चाचण्या यशस्वी दिसत होत्या. खरा आकडा ५१ होता.

याचा अर्थ औषधं निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. सगळे आकडे एकत्र केल्यावरही यातलं प्रत्येक औषध ‘प्लासिबो’पेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरसच ठरलं. फायदा होता, पण तो फुगवून दाखवला गेला होता.

मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर ठरलं. पॅरॉक्सेटिन या औषधाची किशोरवयीन मुलांवरची एक चाचणी २००१ मध्ये ‘परिणामकारक आणि सुरक्षित’ म्हणून छापली गेली. दुसऱ्या संशोधकांनी तिचे मूळ कागद मिळवून पुन्हा हिशेब मांडला. २०१५ मध्ये ‘बीएमजे’त त्यांचा निष्कर्ष आला: औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नव्हतं, उलट आत्महत्येच्या विचारांसारखे धोके वाढले होते. मधे चौदा वर्षं गेली. मूळ आकडे आधीच खुले असते, तर ही चूक इतकी वर्षं टिकली नसती.

कुलूप उघडणारे आपलेच

या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. वकील ज्या केईएममध्ये होते, त्याच रुग्णालयाच्या आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांनी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवलं आहे. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मुंबईतच डॉ. देवकुमार साहू यांनी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. वाचकाकडून पैसे नाहीत, बहुतेक ठिकाणी लेखकाकडूनही नाहीत, तरीही नियतकालिक चालू शकतं, हे तिने दाखवून दिलं. २०११ मध्ये ती एका परदेशी कंपनीने विकत घेतली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांचं ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’ही सर्वांना खुलं आहे. आपल्या हवेत, आपल्या खाण्यापिण्यात, आपल्या घरांत राहणाऱ्या रुग्णांबद्दलचं संशोधन तिथे सापडतं.

सरकारनेही २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून हजारो नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना उघडून दिली. विद्यार्थ्यांना त्याचा फायदा आहेच. पण ती दारं संस्थेच्या आत उघडतात. फाटकाबाहेर औषधाची पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघणाऱ्या तुम्हाला मुक्त नियतकालिकांचाच आधार.

उघडं आहे म्हणून खरं आहे, असं नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत तर खर्च कुणी करायचा? अनेक मुक्त नियतकालिकं तो लेखकाकडून घेतात. नामांकित ठिकाणी ही रक्कम लाखांच्या घरात जाते. जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरला ती परवडत नाही. बढतीसाठी लेख तर हवेत. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांचं फावतं. तज्ज्ञांकडून तपासणी नाही, प्रश्न नाहीत. पैसे भरा आणि छापून घ्या.

२०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून चार हजारांहून अधिक नावं काढली.

मग वाचायचं कसं?

पाकिटावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही असतं. ते ‘पबमेड सेंट्रल’मध्ये टाका. लेख मिळाला की सगळं समजलं पाहिजे असं नाही. एवढं बघा:

• चाचणीत किती माणसं होती? वीस आणि दोन हजार यांत फरक आहे.
• त्यांचं वय काय? मोठ्यांवरचा निकाल मुलांना किंवा आजोबांना जसाच्या तसा लागू होत नाही.
• तुलना कशाशी केली? प्लासिबोशी, दुसऱ्या औषधाशी, की कशाशीच नाही?
• चाचणी किती आठवडे चालली? आठ आठवड्यांच्या चाचणीवरून पाच वर्षांचं कळत नाही.
• मधेच किती जणांनी औषध सोडलं आणि का?
• पैसा कुणाचा? हे बहुधा लेखाच्या शेवटी लिहिलेलं असतं.
• नोंदणी क्रमांक आहे का? भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त करणं २००९ पासून बंधनकारक आहे. ही नोंद कुणालाही फुकट बघता येते. आधी काय मोजणार म्हणाले आणि शेवटी काय छापलं, हे तिथे ताडून बघता येतं.

काही डॉक्टरांना भीती वाटते, की लोक असं वाचून औषध बंद करतील. ही भीती खोटी नाही. मानसिक आजाराची औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो, आजार उलटू शकतो. म्हणून एक नियम पक्का ठेवा: वाचून औषध बंद करायचं नाही, बदलायचं नाही. वाचून फक्त प्रश्न तयार करायचे. दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा. आजार काय, उपचार काय आणि त्यांचे दुष्परिणाम काय, हे जाणून घेण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिलेला आहे. आणि मधल्या काळात फारच घाबरायला झालं, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र फुकट लागतो.

प्रत्येक चाचणीत कुणीतरी अनोळखी माणसाने ती गोळी आपल्याआधी घेतलेली असते. त्यातल्या कुणाला बरं वाटलं, कुणाला वाटलं नाही, कुणाला त्रास झाला. त्यांनी तो अनुभव दिला तो पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडावा म्हणून. तो पुढचा रुग्ण जबलपूरच्या ओपीडीतल्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्या शेजारी तुम्ही. त्या अनुभवावर तुम्हा दोघांचाही हक्क आहे.