घासू नका, भिजवा!

दूध उतू जातं ते सायीमुळे. तापताना दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर जमतात, पातेल्यावर झाकण धरतात. खाली वाफ कोंडते, फेस चढतो, आणि दारावरची बेल वाजली म्हणून आपण वळलो की संपलं! पाण्याला साय धरत नाही, म्हणून ते नुसतं खळखळत राहतं.

रथसप्तमीला हेच दूध आपण मुद्दाम उतू घालवतो. अंगणात गोवऱ्या पेटवायच्या, बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते ओसंडेपर्यंत थांबायचं. शेगडीवर ओसंडलं की मात्र काही मिनिटांत काळी खरपुडी. दुधातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी अभिक्रिया करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये हिचं वर्णन केलं. बासुंदीचा बदामी रंग हिचाच. तीच पुढे वाढली की कोळसा!

फोडणीच्या शिंतोड्यांची गोष्ट वेगळी. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पिवळा, चिवट थर तयार होतो. बिडाच्या तव्यावर हाच थर आपण हौसेने चढवतो, त्यामुळेच धिरडं सुटून येतं.

आता इलाज. ताकद लावून घासणं हा सगळ्यात वाईट उपाय: तारेच्या घासणीने स्टीलवर आणि काचेवर ओरखडे उठतात, मग पुढची घाण त्यातच अडकते. शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून डागावर थापा, वर ओलं फडकं पसरा आणि अर्धा तास विसरून जा. वाळून कडक झालेला थर पाणी पितो, फुगतो आणि मऊ घासणीने निघतो. राहिलाच, तर पुन्हा भिजवा. चुलीच्या काळात राख आणि नारळाचं सोडण हेच काम करायचं. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी, तेलकटपणा सोडवणारं.

सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफस पाहायला मजा येते, पण त्यात दोघांचा जोर एकमेकांना मारण्यातच जातो. वेगवेगळे वापरा. करपलेल्या दुधातेलाला सोडा, पाण्याच्या पांढऱ्या डागांना आणि काळवंडलेल्या पितळी बर्नरला लिंबू किंवा चिंच. बर्नर अॅल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा लांबच ठेवा, तो धातू काळा पडतो. काचेच्या शेगडीवर, ती गरम असताना, गार पाणी कधीच टाकू नका. काच तडकू शकते.

दूध उतूच जाऊ नये असं वाटत असेल, तर शिट्टीचा जुना दूधकुकर माळ्यावरून खाली काढा. त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी असतं. दुधाला उकळायला पाण्यापेक्षा किंचित जास्त तापमान लागतं, आणि भोवतीचं पाणी ते तिथवर पोहोचू देत नाही. इतकी साधी, नेमकी युक्ती स्वयंपाकघरात दुसरी नाही.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. बर्नरची ज्योत निळी आहे ना? सांडलेल्या अन्नाने भोकं बुजली की ती पिवळी होते, गॅस नीट जळत नाही, भांड्यांची बुडं काळी होतात आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. थंड बर्नरची भोकं टाचणीने मोकळी करा, तो पूर्ण वाळवून बसवा, आणि तरीही ज्योत पिवळीच राहिली तर मेकॅनिकला बोलवा.