जुन्या वहीतील माणसे

भोर आणि वेल्हे परिसरात दोन-तीन पिढ्या व्यापार केलेल्या घरांच्या माळ्यावर लाल कापडाने बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा अनेकदा आढळतो. दिवाळीच्या वहीपूजनाने ज्या रोजकीर्दी आणि खतावण्या एके काळी सुरू झाल्या, त्या आज कोणी उघडत नाही. कारण त्यांतील मोडी किंवा महाजनी अक्षर नव्या पिढीला वाचता येत नाही. घराची दुरुस्ती निघाली की हा गठ्ठा रद्दीत जातो. त्याबरोबर आपल्याच नव्हे, तर इतरांच्याही कुळाचा इतिहास जातो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

इंग्लंडमध्ये १५३८ साली राजाज्ञा निघाली, की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी. शतकानुशतकांच्या त्या वह्या आज 'फ्रीरेग'सारख्या उपक्रमांतून स्वयंसेवक घरबसल्या संगणकावर उतरवितात आणि पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना त्या विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे गोवा आणि वसई येथील चर्चमध्ये अशा वह्या ठेवण्याची परंपरा आहे. मावळात मात्र सर्व घराण्यांची एकत्र नोंद ठेवणारी अशी वही नाही. तेथे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, शाळेची दाखल नोंदवही, वतनाचे कागद आणि सावकार-दुकानदारांच्या वह्या असे तुकडे जुळवावे लागतात.

या प्रदेशात ते तुकडे अधिकच विखुरले आहेत. पंतसचिवांच्या भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि कारभाराच्या सीमा बदलल्या. आता तर वेल्हे तालुकाही राजगड या नावाने ओळखला जातो. जुन्या कागदावरील तालुक्याचे नाव आजच्या नकाशात शोधणारा म्हणूनच गोंधळतो. त्यात धरणांची भर पडली. वेळवंडी नदीवरील भाटघरचे मोठे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी ही धरणे झाली. पाण्याखाली गेलेल्या गावांतील कुटुंबे दूर वसली. त्यांच्या नातवंडांना मूळ वाडीचे नावही ठाऊक असेलच असे नाही. दुकानदाराच्या खतावणीत मात्र खातेदाराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गाव लिहिलेले असते. भात घातल्याची जमा किंवा कापड नेल्याची नावे रक्कम व्यापाऱ्याने हिशेबासाठी लिहिली; आज तीच एखाद्या विस्थापित घराण्याची खूण ठरू शकते.

अशी अक्षरे वाचणारे किती थोडे उरले आहेत, हे २०२३ मध्ये सर्वांच्या ध्यानात आले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. ठिकठिकाणची दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचकांचा शोध सुरू झाला. ज्या कागदांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, त्यांतील एका ओळीवर घरोघरचे भवितव्य अवलंबून राहिले.

लिप्यंतराचे काम सोपे नाही. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. महाजनीत तर काना-मात्राच गाळल्या जातात. 'काकाजी अजमेर गये' हा निरोप 'काकाजी आज मर गये' असा वाचून घरात रडारड झाल्याचा विनोद व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कालगणनेचेही तसेच. शकात ७८ मिळविले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन मिळतो. दिवाळीपासून सुरू होणाऱ्या विक्रम संवतातून डिसेंबरपर्यंत ५७ आणि त्यानंतर ५६ वजा करावे लागतात. सरकारी कागदावर 'खमस अशरीन मयातैन व अलफ' असे आढळले, तर तो शुहूर सन १२२५ होय. त्यात ५९९ मिळविले की १८२४ येते.

म्हणून शिस्त हवी. प्रथम प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्यास क्रमांक द्यावा. मूळ ओळ जशी आहे तशी उतरवावी. अर्थ आणि इसवी सन शेजारच्या रकान्यात लिहावा. न लागलेले अक्षर अंदाजाने भरू नये, तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे. दुसऱ्याने पहिल्याचे वाचन न पाहता तेच पान वाचावे आणि मतभेद तिसऱ्या जाणकाराने मिटवावा. बँकेतील नोंद करणारा आणि तपासणारा वेगळा असतो, तेच हे तत्त्व. जैन ग्रंथभांडारांतील लिपिकारही प्रतीच्या अखेरीस नम्रपणे नमूद करीत, की जसे पाहिले तसेच लिहिले आहे. पदरचे काही न घालण्याचा तो संयम या कामाचा पाया आहे.

एक विवेक मात्र पाळावा लागेल. वहीत जशी नावे आहेत, तशी कर्जेही आहेत. कोणाच्या आजोबांनी कोणत्या अडचणीत दागिना गहाण ठेवला, हे चारचौघांत येणे त्या घराला दुखावणारे ठरेल. तेव्हा सर्वांसाठी खुल्या करावयाच्या यादीत नाव, गाव आणि वर्ष एवढेच असावे. रकमेचा रकाना झाकलेलाच राहावा. व्यापाऱ्याने ग्राहकाची गोष्ट पेढीबाहेर जाऊ दिली नाही, ती प्रतिष्ठा नातवानेही सांभाळावी.

भोर-वेल्ह्याचा पाऊस आणि वाळवी कोणासाठी थांबत नाहीत. मोडी जाणणारे वृद्धही आज आहेत, उद्या असतील याची शाश्वती नाही. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून पुसण्याची आणि पूजण्याची आपली प्रथा आहे. यंदा त्या दिवशी माळ्यावरचा गठ्ठाही खाली उतरवावा. घरातील एखाद्या तरुणाने छायाचित्रे घ्यावीत आणि आजोबांनी पहिले पान वाचावे.