शिवारनकाशातली निपाणी

कोगनोळी नाका मागे टाकून निपाणीत शिरलं की राज्य बदललेलं असतं, बाजारातली बोली मात्र तीच राहते. तंबाखूच्या वखारी, सिद्धोजीराव निपाणकरांचा वाडा, जवाहर तलाव अशी या गावाची ओळख सांगतात. पण निपाणीचं दुखणं समजून घ्यायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीचे कागद पाहावेत.

सरलष्कर सिद्धोजीराव 1839 मध्ये वारले आणि पुढे त्यांचा मुलूख इंग्रजांनी खालसा केला. मग मुंबई इलाख्याची मोजणी या भागात आली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835च्या सुमारास इंदापुरात बसवलेली. शंकूसाखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. मोजणीदार बांधाबांधाने फिरून प्रत्येक शेताचं टिपण काढी: हाताने रेखलेला आकार, कडेने साखळी-आण्यांचे आकडे, मजकूर मोडीत. अशा मापांवरून गावनकाशा उभा राही. एकर विलायती, आणे देशी, लिपी मोडी. आणि आज त्याच जमिनीचा उतारा मिळतो कन्नडमधून. एकेका शेतावर एवढ्या भाषांचा हात फिरला आहे.

1 नोव्हेंबर 1956ला निपाणी म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या निकषांवर सीमा ठरवावी, ही सीमाभागाची तेव्हापासूनची मागणी. त्यातलं खेडं म्हणजे नुसती घरं नव्हेत, शिवेसकट सगळा शिवार. ती शीव या जुन्या नकाशांनीच कागदावर पक्की केली, म्हणून मला त्यांचं मोल मोठं वाटतं. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानेही 1967च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं. पण बेळगाव कर्नाटकातच ठेवल्यामुळे महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

शीव किती जवळ? निपाणीची पोरं शिकतात ते देवचंद कॉलेज गावाला लागूनच, अर्जुननगरला. पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात.

आजही भावाभावांत बांधावरून वाद पेटला की जुनं टिपण शोधावं लागतं, आणि मोडी वाचणारी माणसं झपाट्याने कमी होत चालली आहेत. वाचणारे हयात आहेत तोवरच या टिपणांचं बालबोध आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिप्यंतर करून घ्यायला हवं. शेतकरी मराठी असो वा कानडी, बांध दोघांनाही आहे.