कपाट बाहेर, टेबल आत

मी नाटकांचं नेपथ्य लावतो. फ्लॅट म्हणजे रंगमंचावरच्या खोट्या भिंती उभ्या करायच्या, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान मोजून टेम्पोत चढवायचं आणि प्रयोग सुटला की तेच सगळं उतरवायचं. आम्हाला पगार नसतो, ‘नाइट’ असते. प्रयोग झाला तर पैसे. १३ मार्च २०२० ला करोनामुळे सरकारने मुंबईतली नाट्यगृहं बंद करायचा आदेश काढला आणि शिवाजी मंदिरापासून दामोदरपर्यंतच्या सगळ्या नाइटा एका फटक्यात गेल्या. आमच्यासारख्यांना दुसरा आधार गणपतीतल्या सजावटीचा. त्या वर्षी लालबागचा राजाही बसला नाही. मंडळाने त्या दिवसांत रक्तदान, प्लाझ्मादान केलं. योग्यच केलं, पण माझी पटाशी गंजायला लागली होती.

राहायला मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत. खोली १६० चौरस फुटांची. त्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागली आणि चाळीतल्या प्रत्येक खोलीला एकदम शोध लागला, की आपल्याकडे टेबल नाही. पोरं मोरीच्या कट्ट्यावर बसून गणितं सोडवत होती. वरच्या मजल्यावरच्या वहिनी एका सकाळी दारात आल्या. “अहो भावोजी, ते सासूबाईंचं कपाट काढतोय. सरपणाला-बिरपणाला हवं असेल तर न्या.”

जाऊन बघतो तर सागवानी. चार फूट बाय दोन फूट, म्हणजे आठ चौरस फूट. खोलीचा विसावा हिस्सा ते एकटं अडवून बसलेलं. पंखा-मिक्सर बिघडले म्हणून टाकतात ते ठीक, पण मुंबईत लाकडी सामान बाहेर जातं ते बहुतेक जागा नाही म्हणून. टाळेबंदीत घरंच शाळा झाली, ऑफिस झाली आणि जागेचा हिशेब नव्याने मांडावा लागला. जिन्याखाली ढीग साचला: कपाटं, ट्रंका, शोकेस, मोडके स्टूल.

एरवी हा ढीग साचत नाही. मुंबईत टाकलेल्या वस्तूंच्या वाटा ठरलेल्या असतात. रद्दी रद्दीवाल्याकडे जाते. जुने कपडे देऊन बोहारणीकडून पातेलं घ्यायचं, तेही घासाघीस करून. लोखंड, पितळ, ‘जर्मल’ भंगारवाल्याच्या काट्यावर. आणि चांगलं लाकडी सामान चोर बाजारात, मटण स्ट्रीटला. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावरच बाजार मांडला जातो. आमचे प्रॉपर्टीवाले तिथेच हिंडतात. आजोबांच्या काळातला टेलिफोन, कंदील, पितळी घंटा, सगळं तिथलं.

२०२० मध्ये या साऱ्या वाटा एकदम बुजल्या. घरपोच वर्तमानपत्राला ७ जूनपर्यंत परवानगी नव्हती, मग रद्दी कुठून येणार? लोकल सामान्यांसाठी बंद, म्हणून उपनगरातली बोहारीण गिरगावात यायची कशी? भंगारच्या गोदामातले हमाल गावी निघून गेलेले. पालिकेची गाडी ओला-सुका कचरा घ्यायची, सागवानी कपाट घेत नव्हती. आणि नवीन टेबल घ्यावं म्हटलं तर फर्निचरच्या दुकानांना कित्येक आठवडे कुलूप. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर वस्तू नकोशी आणि खालच्या मजल्यावर हवीशी. मधे फक्त एक माणूस आणि एक करवत पाहिजे होती.

ते कपाट मी उघडं केलं. दोन दारं, प्रत्येकी साडेपाच फूट बाय दोन. नाटकात दोन फ्लॅट जोडायला आम्ही पिन बिजागरी वापरतो. पिन काढली की फ्लॅट वेगळे, घातली की भिंत उभी. तीच बिजागरी दाराच्या तुकड्याला मारली आणि दुसरी बाजू भिंतीतल्या पट्टीला. खाली तिरका टेका. अभ्यास झाला की टेका काढायचा, फळी भिंतीला चिकटते, रात्री अंथरूण घालायला जमीन मोकळी. पहिलं टेबल वहिनींनाच दिलं. दुसऱ्याचे तीनशे घेतले. दिवाळीपर्यंत डिलाईल रोड, लालबाग आणि गिरगावच्या दोन चाळी मिळून अशी बरीच टेबलं भिंतींवर गेली. काही तर ज्या चाळीतलं कपाट, त्याच चाळीत.

हळूहळू इतर वस्तूही यायला लागल्या आणि बाजार कळायला लागला. शिलाई मशीनला भयंकर मागणी होती, कारण घरोघरी मास्क शिवत होते. पाठीला टेक असलेली खुर्ची आली की संध्याकाळपर्यंत गेलीच. सूटकेसला कुत्रंही विचारत नव्हतं, जायचं कुठे? छताचा पंखा भंगारवाला घेतो तो मोटरमधल्या तांब्यासाठी. पण ‘पंखा फार हळू फिरतो’ म्हणून टाकलेल्या दहा पंख्यांपैकी सात-आठांचा फक्त कंडेन्सर गेलेला असतो. तो बदलायला दहा मिनिटं लागतात. तांब्याच्या भावाने विकण्यापेक्षा पंखा म्हणून विकला तर तिप्पट पैसे सुटतात. हे शेजाऱ्यांना सांगून टाकलं आणि माझा धंदा थोडा बसला. असो.

भीती मात्र प्रत्येक वस्तूला चिकटून यायची. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी छापलं होतं, की प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडतो, प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, तांब्यावर मात्र चारच तास. म्हणून मी नियम केला: वस्तू आली की तीन दिवस गच्चीवर उन्हात, मग साबणाचं पाणी, मग हात लावायचा. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी सांगितलं, की वस्तूंना हात लावून लागण होण्याची शक्यता अगदी कमी, खरा धोका हवेतून. तोवर मी पाटाबिटांनाही तीन-तीन दिवस वाळवलं होतं.

या शहराला ही भीती नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला, त्यानंतर घरांत शिरून अंथरुणं-कपडे बाहेर काढून जाळले जात. ज्या घरात राहू नये असं ठरे, त्याच्या भिंतीवर यू.एच.एच. ही अक्षरं रंगवत. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. आमच्या चाळीपासून ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा कपड्यालत्त्यांत राहू शकतात, त्यामुळे तेव्हाच्या त्या जाळपोळीत थोडं तरी तथ्य होतं. पण गरिबाची एकुलती एक गोधडी जाळल्यावर त्याने रात्री काय पांघरायचं, हे त्याला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

माझी सगळ्यात मोठी फजिती एका लोखंडी खाटेने केली. गिरगावातल्या एका घरातले आजोबा फेब्रुवारीत हृदयविकाराने गेले होते, करोना तेव्हा चाळीत आलाही नव्हता. पण शेजारी ऐकेनात. घरच्यांनी पैसेही न घेता ती माझ्या हातगाडीवर चढवली. मी हुशारी केली. तीन दिवस ऊन, साबण, सगळं झालं आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत खाट घरात आणली. आठवड्याने बायकोच्या दंडावर लाल गांध्या. निवारीच्या घड्यांत आणि नळीच्या तोंडाशी ढेकूण. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने काढतो, गच्चीवरच्या तीन दिवसांचं त्याला काय! निवार कापून टाकली, नळ्यांत उकळतं पाणी ओतलं, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतीच्या भेगा बुजवल्या. महिना गेला. त्या महिन्यात बायकोने करोनाचं नाव काढलं नाही, खाटेचं मात्र रोज काढलं.

तेव्हापासून एक ठरवलं. वस्तू कुठून आली, कोणाची होती, ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. त्यामुळे काही सौदे मोडले. एकदा गेलेल्या माणसाच्या ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदाखाली, पोस्टाचं पासबुक निघालं. परत द्यायला गेलो तर मुलगा दारातूनच म्हणाला, “पायरीवर ठेवा.” मी पायरीवर ठेवलं.

५ नोव्हेंबर २०२० ला नाट्यगृहं निम्म्या प्रेक्षकांत उघडली, पुढल्या वसंतात पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. आमच्या एका नाटकाला जुनी आरामखुर्ची हवी होती. लांब हातांची, वेताने विणलेली. चोर बाजारात भाव ऐकून परत फिरलो. मग आठवलं, अशी एक मीच वर्षापूर्वी जिन्याखालून उचलून, वेत नव्याने विणवून, गिरगावातल्या एका निवृत्त बाईंना विकली होती. गेलो. बाई खुर्चीतच बसल्या होत्या.

“विकत नाही,” त्या म्हणाल्या.

“विकत नको, मावशी. प्रयोगापुरती द्या.”

त्यांनी चष्मा वर केला. “तुम्हाला एका प्रयोगाची नाइट किती मिळते?”

मी आकडा सांगितला.

“मग खुर्चीची निम्मी,” त्या म्हणाल्या, “आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत परत.”