दख्खनच्या कातळातली झाडं

“महाराष्ट्रात जीवाश्म कुठले सापडायला? इथे सगळा लाव्हाचा कातळ!” चांगली शिकलेली माणसंही हे बिनदिक्कत म्हणतात. अर्धं खरं आहे. हजार अंशांहून तापलेल्या रसात पान-फूल टिकणार कसं? पण दख्खनचा पाषाण एका दमात ओतलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंड सरत असताना, जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळाली. तेवढ्यात वरचा खडक झिजून माती झाली, खोलगट जागी तळी साचली, काठाला झाडं रुजली. पुढचा लाव्हा आला तेव्हा तळ्यातला गाळ त्याच्याखाली गाडला गेला. या मधल्या थरांना ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरातल्या अशा थरांबद्दल १८५५ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याच हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे.

दुसरा समज याच्याच पोटातला: लाव्हाच्या उष्णतेने लाकडाचा दगड झाला. उष्णतेने लाकडाचा कोळसा होतो, दगड नव्हे. इथे काम केलं ते पाण्याने. राख आणि बेसॉल्ट झिजताना सुटलेली सिलिका पाण्यात विरघळली आणि गाळात पडलेल्या लाकडात, फळांत, बियांत झिरपली. कुजण्याआधीच पेशी न् पेशी तिने भरून काढली.

ही करामत पाहायची तर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानचा चर्ट पाहावा. वरून साधा गारगोटीसारखा धोंडा. त्याचा काप घासून गुळगुळीत करतात, हायड्रोफ्लोरिक आम्लाने किंचित झिजवतात आणि वर पारदर्शक पापुद्रा चिकटवून अलगद सोलून काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पापुद्र्यावर फळाचे कप्पे, बियांची सालं, पेशींच्या भिंतीसुद्धा दिसतात. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ मध्ये इथल्या वनस्पतींचं वर्णन केलं. पुढे १९४३ मध्ये साहनींनी इथल्या एका फळाला ‘एनिग्मोकार्पॉन’ असं नाव दिलं. नावातच कोडं आहे. ते कोडं आता बरंचसं सुटलं असून फळ मेंदी-डाळिंबाच्या कुळात धरतात. याच गावात निपा या ताडाचं फळही मिळालं. निपा आज सुंदरबनात आणि अंदमानात, खाडीच्या चिखलात वाढतो. छिंदवाड्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! त्या काळी खाऱ्या पाण्याचा फाटा कुठेतरी जवळ असावा, हा अंदाज त्यावरूनच बांधला गेला. शिवाय भारताचा हा भाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हेही ध्यानात घ्यायला हवं.

“डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतं” हे तर पुस्तकातलंच वाक्य. ते खोडलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने. तिथे लाव्हाच्या खालच्या, म्हणजे थोड्या आधीच्या, लॅमेटा थरांत डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ती तपासली तेव्हा तिच्यात गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०११ मध्ये भाताच्या जवळच्या गवतांच्या खुणाही मिळाल्याचं जाहीर झालं. एवढा मोठा शोध विदर्भातल्या शेणाने लावून दिला, याचं मला भारी कौतुक वाटतं.

लाव्हा आला आणि डायनोसॉर संपले, हेही तितकंसं सरळ नाही. कच्छमधल्या अंजारजवळ इंटरट्रॅपियन थरांतच त्यांची हाडं आणि अंड्यांची कवचं सापडली आहेत. म्हणजे पहिले लाव्हे पचवूनही ते जगत होते. मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह आणि दख्खनचा लाव्हा यांचा त्यांच्या नाशात वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.

बाजारात ‘आत शेवाळ अडकलेला दगड’ म्हणून विकला जातो तो अकीक. त्यात शेवाळाचा मागमूस नसतो. हिरवे धागे खनिजांचे असतात. दिसायला सुरेख, घ्यावा जरूर, पण जीवाश्म म्हणून नव्हे.

आणि सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या दगडी ओंडक्यांना दख्खनच्या लाव्हाशी जोडू नये. ते गोंडवन खडकांतले, जुरासिक काळातले, म्हणजे कितीतरी जुने. दख्खनच्या काळातले ताड पाहायचे असतील तर मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं घुघुआ गाठावं.

वाटेत असा दगड दिसला तर खिशात घालू नका. कुठल्या थरात होता हे कळलं नाही, तर अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही. जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालयही आहे.