मूत्रपिंडाची गोष्ट, भाग ७ : न दुखणारा खडा

मूतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली तो ती जन्मभर विसरत नाही. पाठीतून निघून जांघेत उतरणारी ती कळ माणसाला धड बसू देत नाही, धड पडू देत नाही. मध्यरात्री रिक्षात घालून इस्पितळात आणते. तिच्यामुळेच असंख्य किडन्या वेळेत वाचल्या आहेत. पण ज्याच्या शरीरात दुसऱ्या कुणाची किडनी बसवली आहे, त्याला त्या किडनीतला खडा सहसा दुखतच नाही.

कारण साधे आहे. प्रत्यारोपणात सर्जन नव्या किडनीची रोहिणी जोडतो, नीला जोडतो, मूत्रवाहिनी मूत्राशयाला शिवतो. दात्याच्या शरीरात तुटलेल्या मज्जातंतूंचे धागे मात्र जोडता येत नाहीत. किडनी रक्त गाळते, लघवी तयार करते. पण तिची तक्रार मेंदूपर्यंत नेणारी तारच उरलेली नसते. म्हणून तिच्यावर तपासण्यांनीच लक्ष ठेवावे लागते.

बंगळुरूच्या के. आर. मार्केटजवळ व्हिक्टोरिया इस्पितळाचे मोठे आवार आहे. लॉर्ड कर्झनच्या हस्ते १९०० साली उघडलेल्या या इस्पितळाच्या आवारातच आज कर्नाटक सरकारची नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहे. खासगी इस्पितळांचा खर्च न पेलणारी माणसे राज्याच्या कानाकोपऱ्यातून इथे किडनीसाठी येतात. बेळगाव, निपाणीकडचे आपले लोक बंगळुरूत प्रत्यारोपण करून गेले, की पुढच्या तपासण्यांसाठी दर वेळी पाचशे किलोमीटरचा प्रवास करणे त्यांना जड जाते. मग सोनोग्राफी गावाजवळच होते. तिथे एक गोष्ट रुग्णानेच आवर्जून सांगायला हवी : नवी किडनी पाठीत नाही, ती ओटीपोटात, बहुधा उजव्या जांघेच्या वर आहे. जुन्या दोन्ही किडन्या सहसा काढत नाहीत, त्यामुळे अशा माणसाच्या शरीरात तीन किडन्या असतात आणि काम करणारी तिसरीच पाहायची राहून जाऊ शकते.

दुखत नाही, मग खडा कळतो कसा? लघवी कमी होते, लाल होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो, किंवा एखाद्या तपासणीत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचे द्रव्य, अचानक चढलेले दिसते. हे चढलेले क्रिएटिनिन फसवे असते, कारण शरीर नवी किडनी नाकारू लागले तरी ते चढतेच. म्हणून हे नाकारणे रोखणारी औषधे वाढवण्याआधी सोनोग्राफीत मूत्रमार्ग तुंबलेला तर नाही ना, हे पाहणे फार महत्त्वाचे. त्याच औषधांतल्या स्टेरॉइडमुळे ताप दबलेला असू शकतो, तेव्हा ताप नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही धोका आहे.

असे खडे फार आढळत नाहीत. शंभर प्रत्यारोपणांमागे साधारण एक. पण एरवी मूतखडा झालेल्या बहुतेकांना दुसरी किडनी सांभाळून घेते. इथे सांभाळायला कुणी नाही. वाट अडली की लघवी थांबते, आणि वर जंतुसंसर्ग असला तर काही तासांत जिवावर बेतते. अशा वेळी खड्याला कुणी हात लावत नाही. सोनोग्राफीत पाहत त्वचेतून किडनीत बारीक नळी घालून तुंबलेली लघवी आधी बाहेर काढतात. संसर्ग आटोक्यात आला, क्रिएटिनिन उतरले, की मग ऑपरेशनचा विचार.

त्या ऑपरेशनात युरॉलॉजिस्टला हातात बसलेल्या सवयी उलट्या कराव्या लागतात. खडे बाहेरून लहरींनी फोडण्याचे तंत्र म्युनिकमध्ये १९८० साली माणसावर प्रथम वापरले गेले; त्यासाठी रुग्णाला एरवी उताणे झोपवतात. बसवलेल्या किडनीमागे कमरेचे हाड आडवे येते, म्हणून इथे रुग्ण पालथा. याउलट पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची पद्धत, जी १९७६ साली फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी स्वीडनमधून जगापुढे मांडली, तिच्यात रुग्ण बहुधा पालथा असतो. इथे तो उताणा, कारण किडनी पोटाच्या कातडीखाली काही सेंटिमीटरवरच असते. जवळ आहे म्हणून काम सोपे होते असे मात्र नाही. मध्येच आतड्याचे वेटोळे असू शकते, म्हणून सुई सोनोग्राफीत, गरज पडली तर सीटी स्कॅनमध्ये पाहूनच सरकवायची. किडनीभोवती जुन्या ऑपरेशनचे चिवट वणही असते. वाट रुंद करताना ते दाद देत नाही.

तिसरी वाट लघवीच्या मार्गाने, लवचिक दुर्बीण आणि लेझर घेऊन. तिची अडचण दाराशीच आहे. नव्या मूत्रवाहिनीचे तोंड निसर्गाने ठेवलेल्या जागी नसते. सर्जनने ते मूत्राशयाच्या वरच्या बाजूला शिवलेले असते. तिथे दुर्बीण वळवणे हे अनुभवाचे काम. दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढचा खडा असेल तर बहुतेक सर्जन छिद्राचीच वाट धरतात. लहरींनी फोडलेल्या मोठ्या खड्याचा चुरा एकुलत्या मूत्रवाहिनीत रांगेने अडकण्याची भीती असते, आणि ती रास्त आहे.

खडा होतो कशाने? डायलिसिसच्या वर्षांत माजलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी प्रत्यारोपणानंतरही हाडांतले कॅल्शियम उपसत राहतात. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही किडनी टिकवणारी औषधे लघवीतले सायट्रेट कमी करू शकतात, आणि सायट्रेट हेच खड्याला आवर घालणारे द्रव्य. प्रत्यारोपणाच्या वेळी मूत्रवाहिनीत ठेवलेली स्टेंटची नळी काही आठवड्यांत काढायची असते; ती विसरली तर तिच्यावरच खडा चढतो.

कधी खडा दात्याकडूनच येतो. जिवंत दात्याच्या सीटी स्कॅनमध्ये तो आधीच दिसतो. अशी एकट्या लहान खड्याची किडनी पूर्वी अनेकदा नाकारली जाई. आता दात्याची नीट तपासणी करून ती घेता येते. काढलेली किडनी बर्फाच्या चुऱ्यात ठेवून, तिच्या कापलेल्या मूत्रवाहिनीतून बारीक दुर्बीण आत घालतात आणि खडा टोपलीत पकडून किंवा लेझरने फोडून तिथेच बाहेर काढतात. मग किडनी रुग्णाच्या ओटीपोटात ठेवायची, रक्तवाहिन्या शिवायच्या, चिमटे सोडायचे. पांढुरकी किडनी डोळ्यांदेखत गुलाबी होते, काही वेळाने मूत्रवाहिनीच्या टोकातून लघवीचे पहिले थेंब येतात. खडा तोवर छोट्या बाटलीत भरून तपासणीला निघालेला असतो.