साहस की व्यायाम? : पहिल्या मध्यम पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा एका वैद्याचा अनुभव

चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. त्यांपैकी साहसाचे विवरण करताना आचार्यांनी दिलेली उदाहरणे आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केलेली आहेत. बलवानाशी झुंज, अतिभारवहन, फार मोठ्या धनुष्याचे आकर्षण यांच्या जोडीला पाण्यात अतिदूर पोहणे आणि दीर्घ मार्ग वेगाने आक्रमिणे ही दोन उदाहरणेही तेथे येतात. वयाच्या ४८ व्या वर्षी प्रस्तुत लेखकाने ज्या स्पर्धेत भाग घेतला, तीत नेमक्या याच दोन गोष्टी कराव्या लागतात आणि त्यांच्या मध्ये ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते. त्यामुळे कामठ्यातील एका ज्येष्ठ वैद्यांनी, "अहो, रुग्णांना जे वर्ज्य सांगता तेच स्वतः करायला निघालात की!" असे म्हटले, तेव्हा मला लगेच उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यात दहा महिने गेले. वैद्यबंधुभगिनींना आणि औषधविक्रेत्या स्नेह्यांना त्याचा काही उपयोग व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

स्पर्धेचे स्वरूप

पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार खंड न पाडता लागोपाठ पूर्ण करणे म्हणजे ट्रायथलॉन होय. या नावाची पहिली आधुनिक स्पर्धा १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली, आणि १९७८ मध्ये हवाई बेटांवर 'आयर्नमॅन' या दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेचा आरंभ झाला. तिच्या निम्म्या अंतराची ती मध्यम पल्ल्याची स्पर्धा. तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. एकूण अंतर मैलांत ७०.३ भरते, म्हणून तोच आकडा स्पर्धेच्या नावात आला.

आपल्याकडे ही स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम भरली. भारतीय सैन्यदलातील बिश्वोरजित सैखोम यांनी ती पावणेपाच तासांच्या आत पूर्ण करून पहिला क्रमांक मिळविला. सामान्य स्पर्धकास साडेआठ तासांची मुदत असते. पोहणे ७० मिनिटांत न संपल्यास पुढे जाऊ दिले जात नाही. मी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी होणाऱ्या स्पर्धेसाठी नाव नोंदविले.

पूर्वतयारी

व्यायाम अर्धशक्तीने करावा, असा वाग्भटाचार्यांचा दंडक आहे. तो बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसाठी, तोही शीतकाळी आणि वसंतात. अन्य ऋतूंत त्याहूनही मंद. सुश्रुताचार्यांनी बलार्धाची लक्षणे दिली आहेत : हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर स्वेद आणि मुखशोष. ही लक्षणे मी वहीत लिहून ठेवली आणि पौषापासून सराव सुरू केला.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात तरणतलावापेक्षा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जवळचे. अशाच एका तलावात एका वयस्क मच्छीमाराच्या देखरेखीखाली मी पोहण्यास आरंभ केला. तो डोंग्यातून सोबत येई. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बजावले, "डॉक्टरसाहेब, दम लागल्यावर नाही, दम लागण्याच्या आधीच परत फिरायचं असते." त्याने सुश्रुतसंहिता पाहिलेली नाही, परंतु बलार्धाची याहून सोपी व्याख्या मला तरी आजवर सापडली नाही.

आरंभी २०० मीटरवर कपाळाच्या शिरा तटतटत. चैत्रापर्यंत तोच श्वास, तीच लक्षणे ८०० मीटरवर येऊ लागली. अर्धशक्तीचा नियम मोडला नव्हता. शक्तीच वाढली होती, म्हणून तिचे अर्धही वाढले होते. रुग्णाला 'अर्धशक्तीने व्यायाम करा' एवढेच सांगून आपण थांबतो. त्याचे अर्ध आज किती आणि तीन महिन्यांनी किती, हे त्याला मोजायला शिकवत नाही. सायकलीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवला. कामठ्याहून गोंदिया, पुढे बालाघाटच्या दिशेने धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता दर पंधरवड्यास पाच-दहा किलोमीटरने लांबवीत नेला.

आहारात चरकोक्त श्रमहर दशेमानीचा फार उपयोग झाला. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव आणि षष्टिक ही ती दहा द्रव्ये. दीर्घ श्रमात शरीरास शर्करा व पिष्टमय अन्न सतत लागते, असे आजचे क्रीडाशास्त्र सांगते. या यादीतील बहुतेक द्रव्ये त्याच जातीची आहेत. मनुका व खजूर खिशात आणि घरी साजूक तुपासह भात, एवढ्यावर माझा बहुतेक सराव झाला.

ग्रीष्मातील प्रमाद

यापुढचा भाग लिहिताना संकोच वाटतो. ग्रीष्मात बल सर्वांत कमी असते, व्यायाम वर्ज्य करावा, हे प्रत्येक वैद्य जाणतो. तरीही वैशाखातील एका रविवारी, वेळापत्रकात ६० किलोमीटर लिहिले आहेत म्हणून, मी सकाळी उशिरा निघालो. परतताना पारा ४५ अंशांच्या आसपास असावा. घरी पोहोचताच छर्दी झाली, मांड्यांत असह्य वेदना सुरू झाल्या, आणि सायंकाळी मूत्र काळ्या चहासारखे झाले.

माझ्या कपाटात औषधांची कमतरता नव्हती. क्षणभर वाटले, चंदनासव घ्यावे आणि पडून राहावे. पत्नीने ऐकले नाही. गोंदियातील रुग्णालयात रक्ततपासणी झाली, शिरेवाटे द्रव दिला गेला, दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवले गेले. अतिश्रमाने मांसधातू विदीर्ण होऊन त्यातील द्रव्य मूत्रपिंडात अडकते; विलंब झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेतली तर मूत्रपिंडांवरील संकट आणखी वाढते. श्रमानंतर काळसर मूत्र सांगणारा रुग्ण आला, तर त्यास चूर्ण बांधून न देता त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे, ही कळकळीची विनंती.

पुढे सहा आठवडे सराव बंद होता. त्या काळात निदानस्थानातील तो उतारा पुन्हा वाचला. आचार्यांनी वाक्याच्या प्रारंभीच एक अट घातली आहे, जी पाठांतराच्या ओघात माझ्याकडून निसटली होती. पुरुष 'दुर्बल असताना' जेव्हा हे करतो, तेव्हा ते साहस होते. अर्थात साहस ठरते ते किलोमीटरांवरून नव्हे, तर त्या दिवशी अंगात असलेल्या बलावरून. चैत्रात ५० किलोमीटर हा माझा व्यायाम होता, वैशाखात ६० हे साहस ठरले. ज्येष्ठ वैद्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले.

औषधपेटीतील धोका

श्रावणात रोवणी उरकत असताना सराव पुन्हा सुरू झाला आणि डाव्या गुडघ्यात वेदना उद्भवली. वातव्याधीत नेहमी योजतो ती विषतिंदुक वटी घेण्याचा विचार होता. सुदैवाने त्याआधी निषिद्ध द्रव्यांची यादी चाळली. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे. याला इतिहास आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचा विजेता थॉमस हिक्स यास वाटेत ब्रँडी व अंड्याच्या पांढऱ्या भागाबरोबर स्ट्रिक्नीन पाजले गेले होते, आणि तो शर्यत संपवताना मरणोन्मुख अवस्थेत होता.

औषधविक्रेत्यांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. अग्नितुंडी व विषतिंदुक यांसारख्या कल्पांत कुचला असतो. सोमलतेत एफेड्रिन असते. मूत्रातील त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास खेळाडू दोषी ठरतो. जातिफलादि चूर्णात विजया, तर कर्पूररसात अहिफेन असते. ही दोन्ही द्रव्ये स्पर्धाकाळात अडचणीची आहेत. आपल्या देशात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये त्यासंबंधीचा कायदाही झाला. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की उत्तरदायित्व खेळाडूचेच; 'वैद्यांनी दिले' हे उत्तर त्यास वाचवू शकत नाही. म्हणून तरुण ग्राहक शक्तिवर्धक औषध मागू लागला, तर "आपण स्पर्धेत उतरता काय?" एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. घटकद्रव्ये न छापलेली पुडी तर कोणासच देऊ नये. माझा गुडघा अखेर विश्रांती, स्नेहन-स्वेदन आणि सायकलीची बैठक दोन बोटे उंच करण्याने बरा झाला.

स्पर्धेचा दिवस

शरद ऋतू पित्तप्रकोपाचा, आतप वर्ज्य सांगितलेला; आणि स्पर्धा समुद्रकाठच्या उन्हात. म्हणून निघण्यापूर्वी पत्नीसमोर मी एक नियम ठरविला. भोवळ, अंगावर काटा किंवा घाम आटणे यांपैकी एक लक्षण दिसताच चालू लागायचे; एक किलोमीटर चालूनही ते गेले नाही, तर स्पर्धा सोडायची.

समुद्राचे पाणी तलावासारखे स्थिर नव्हते. लाटेबरोबर श्वास जुळेपर्यंत दोनदा खारे पाणी गिळले. पोहणे ५८ मिनिटांत झाले. सायकलीस ३ तास ५० मिनिटे लागली. दर अर्ध्या तासाने दोन खजूर आणि लिंबू, साखर, मिठाचे पाणी घेत राहिलो. केवळ पाणीच अतिप्रमाणात पिणेही घातक असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या तपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले होते.

धावताना चौदाव्या किलोमीटरला, भर उन्हात, दंडावर काटा उभा राहिला. बाजूने माझ्याहून वयस्क एक गृहस्थ पुढे गेले. पाय थांबायला तयार नव्हते, हेही प्रांजळपणे नमूद करतो. नियम आठवला आणि चालू लागलो. डोक्यावर पाणी ओतले, मिठाचे पाणी घोट घोट घेतले. आठशे मीटरवर कपाळाला पुन्हा घाम फुटला. तेव्हा उरलेले अंतर कधी चालत, कधी मंद धावत पार केले. एकूण वेळ ८ तास ९ मिनिटे. मुदतीस २१ मिनिटे शिल्लक होती. रात्री मूत्राचा वर्ण पाहिला, तो प्राकृत होता. मला पदकापेक्षा त्याचाच आनंद अधिक झाला.

उपसंहार

अलीकडे आपल्या चिकित्सालयांत अशा स्पर्धांची तयारी करणारे तरुण आणि मध्यमवयीन रुग्ण येऊ लागले आहेत. त्यांना 'हे साहस आहे, करू नका' असे सांगितल्यास ते दुसऱ्या वैद्याकडे जातील. 'करा' एवढेच सांगून वर रसायनाची बाटली देणे हा तर अपराधच. उरःक्षत, श्वास, कास, कार्श्य यांनी पीडितांस स्पष्ट निषेध करावा. चाळिशी ओलांडलेल्यांची हृदयतपासणी करवून घ्यावी. इतरांस बलार्धाची लक्षणे ओळखायला शिकवावे, ऋतूनुसार सरावाची मात्रा ठरवून द्यावी आणि परत फिरण्याची खूण आधीच नक्की करून घ्यावी.

तो मच्छीमार अद्याप त्याच तलावावर जाळे टाकतो. परतल्यावर त्याने एवढेच विचारले, "दम लागला का?" मी म्हणालो, "लागणार होता, तेव्हा चाललो." तो समाधानाने हसला.

अलमतिविस्तरेण.